व्हियोलेत क्लबचें अजिंक्यपद

अंतिम सामना न खेळतां मिळालेलें अजिंक्यपद कोणास पुरतें गोड लागेल? हैतीच्या राजधानींत, पोर्ट-ओ-प्रिन्स येथें, १९१८ सालीं स्थापन झालेल्या व्हियोलेत या फुटबॉल क्लबास १९८४ मध्यें उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटें यांतील क्लबांचें अजिंक्यपद मिळालें तें असेंच. मेक्सिकोच्या ग्वादालाहारा क्लबचें व न्यूयॉर्कच्या एका क्लबचें तारखांवर एकमत होईना. दोघेही बाद झाले, आणि व्हियोलेतला प्रतिस्पर्धीच उरला नाहीं.

पुढें हैतींत हिंसाचार माजला, साखळी सामने बंद पडले. २०२३ सालीं अमेरिकेंतील ऑस्टिन क्लबशीं पडलेली 'घरची' गांठ व्हियोलेतला शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकांत खेळावी लागली. घर तें कसलें! तरी ३-० असा विजय मिळाला. परतीच्या सामन्यांत ऑस्टिन येथें ०-२ अशी हार झाली. पण एकंदर एका गोलाच्या आधिक्यानें पुढील फेरींत गेला तो व्हियोलेतच.