घोट्यावरची न भरणारी जखम

श्रोतेहो, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या बाजूला चिखलात उभे राहून ज्यांनी भात लावला, त्यांना पायात काटा मोडण्याचे काय कौतुक सांगावे? जखम होते, चार दिवसांत भरते. पण कधी एखाद्या पोराच्या घोट्याजवळ नखाएवढी जखम होते आणि महिने उलटले तरी भरत नाही, उलट पसरते. मग घरात कुजबुज सुरू होते. कुणाची नजर लागली, कोणत्या देवाचे राहिले. आणि बोट बहुधा सुनेकडे वळते.

अशा जखमेचे एक कारण रक्तातच असते. त्या आजाराचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे आपला विळा. तांबड्या पेशी एरवी गोल चकतीसारख्या असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. घोट्याची कातडी हृदयापासून लांब. तिथे रक्तच नीट पोचले नाही, तर जखम भरणार कशाने? आपल्याकडे असे व्रण आफ्रिका-जमेकाइतके होत नाहीत, हे खरे. अंगदुखी, सांधेदुखी आणि पंडुरोग मात्र होतो. शिवाय प्रत्येक चिघळलेली जखम सिकलसेलची नव्हे. मधुमेह आहे, फुगलेल्या शिरा आहेत, कुष्ठरोग आहे.

याच घोट्यावर आणखी एक, फार विरळा आजार दिसतो: लिव्हिडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी. त्यात कातडीतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या बसतात, दुखरे व्रण होतात आणि मागे पांढरट वण राहतात. काही रोग्यांत रक्त लवकर गोठण्याचा दोष वारशाने आलेला असतो. त्यांतला एक दोष, फॅक्टर पाच लायडेन, १९९४ साली हॉलंडातल्या लायडेन गावी उलगडला.

आता गुरुजी, तुमच्यासाठी. वर्गात दोन डबे घ्या, आईचा आणि बापाचा. प्रत्येकात एक तांबडा, एक पांढरा खडा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढायचा. दोन तांबडे आले तर मूल आजारी. एक तांबडा, एक पांढरा आला तर नुसते वाहक. दोन पांढरे आले तर मोकळे. मग खडे परत डब्यांत टाका. हे विसरू नका, कारण पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची सुटली, असे होत नाही. दर खेपेला चारांत एक हा धोका तोच. मुले खड्यांवरून भांडतील, भांडू द्या. पण एक गोष्ट त्यांना दिसेल: दोन्ही डब्यांतून तांबडा आल्याशिवाय आजार होत नाही. मग एकट्या सुनेला बोल कसा लावायचा?

वाहक माणूस बहुधा ठणठणीत असतो. लहानपणी हिवतापाशी झुंजायला हा दोष उपयोगी पडला, म्हणून तो टिकून राहिला. लग्नाआधी दोघांची तपासणी झाली, तर पुढचे कळते. सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आधी थेंबभर रक्ताची चाचणी होते, आणि पक्के निदान दुसऱ्या तपासणीने.

आणि जखम असेल तर? पालापाचोळा, राख लावू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन कापड बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, शेतात अनवाणी जाऊ नका. दोन आठवड्यांत भरली नाही, तर पोराला घेऊन दवाखाना गाठा.