जनुकांचे औषध कोणासाठी?

(श्रीपूर, जि. सोलापूर येथे साखर कामगार व कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



साखर कामगारांच्या सभेत जनुकोपचाराचा विषय कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हृदयविकार हा आता केवळ सुखवस्तू माणसांचा रोग उरलेला नाही. तो बॉयलरवरच्या कामगाराला गाठतो आणि उसाच्या फडातील मजुरालाही सोडत नाही. म्हणून या विज्ञानाचा विचार आपणही केला पाहिजे.

निरोगी धमनीचे आतील अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचे द्रव्य तयार करते. त्यामुळे रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत. अस्तराला इजा झाली की हे संरक्षण उणे पडते, गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. अरुंद धमनी फुग्याने रुंद करतानाही अशी इजा होते. 1996 साली अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी डुकरांच्या इजा झालेल्या धमन्यांत, दुबळ्या केलेल्या विषाणूकरवी, हे द्रव्य वाढविणारे जनुक पोहोचविले आणि गुठळी रोखून दाखविली. हृदयरुग्णांसाठी मात्र हा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही. शरीर विषाणूला प्रतिकार करते आणि जनुकाचा परिणामही टिकत नाही, या अडचणी मोठ्या आहेत.

उद्या त्या दूर होतील. तेव्हा किंमत कोण ठरविणार? रक्त न गोठण्याच्या हिमोफिलिया या रोगावरील एका जनुकोपचाराची किंमत 2022 साली अमेरिकेत 35 लाख डॉलर ठेवण्यात आली. याच रोगावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे आशादायक निष्कर्ष 2024 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. ज्ञान आपल्या देशात निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा पुरावा गुठळीच्याच औषधाचा आहे. स्ट्रेप्टोकायनेज हे औषध झालेली गुठळी विरघळविते. ते जिवाणूंपासून मिळते. मळीतील साखरेचे मद्यार्क करणारे यीस्ट आसवनीतील कामगारांना परिचित आहे. टाक्यांत सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून काम करून घेण्याची विद्या येथेही तीच. चंदीगडच्या सरकारी सूक्ष्मजीव संशोधन संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या नेतृत्वाखाली या औषधाचे देशी तंत्र विकसित झाले. त्यात जनुक-तंत्राने बनविलेला प्रकारही होता. जनतेच्या पैशातून चाललेल्या प्रयोगशाळेने हे साधले, हे विसरता कामा नये.

मात्र औषध निर्माण होणे आणि ते रुग्णाच्या नसेत जाणे यांत मोठे अंतर आहे. त्याचा खरा लाभ झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतो. रक्तस्रावाचा धोका असल्याने आधी हृदयाचा आलेख काढावा लागतो, आणि तो वाचणारा डॉक्टर जवळ असावा लागतो. श्रीपूरच्या रुग्णाला पंढरपूर ओलांडून सोलापूर गाठावे लागले, तर ते मोलाचे तास रस्त्यातच सरतात. जनुकोपचाराची वाट पाहत असताना जुने, हाताशी असलेले औषध न मिळाल्याने माणूस दगावावा, ही विज्ञानाची नव्हे, व्यवस्थेची हार आहे.

शासनाने मनावर घेतले तर काय घडते हेही आपण पाहिले आहे. 2017 च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली आणि लाखाच्या पुढे आकारला जाणारा औषधयुक्त स्टेंट 29,600 रुपयांवर आणावा लागला. 2012 साली सक्तीच्या परवान्यामुळे कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आला. कायदा आहे, तो वापरायला लावणारे जनमत हवे.

तेव्हा दोन मागण्या एकत्र मांडू या. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात हृदयाचा आलेख, गुठळी विरघळविणारे औषध आणि ते देणारा डॉक्टर रात्रंदिवस असावा. आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या जनुक-संशोधनाचे फळ खाजगी मक्तेदारीच्या हाती जाता कामा नये. पहिली मागणी आजच्या रुग्णासाठी आहे, दुसरी उद्याच्या. एक सोडून दुसरीसाठी लढता येणार नाही.