पडद्यावरचा शेजार

परभणी जिल्ह्यांतील येलदरीसारख्या धरणाकांठच्या गांवीं शेजार अंगणांत भेटतो. शहरांतील इमारतींत मात्र दार लागलें कीं तो संपतो. ही उणीव ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेनें हेरली. तारक मेहता यांच्या गुजराती सदरावर आधारलेली ही मालिका २८ जुलै २००८ रोजीं सुरू झाली. तिच्यांतील मुंबईच्या गोकुळधाम वसाहतीचे चिटणीस, शिक्षक आत्माराम भिडे, फळ्यावर सुविचार लिहितात; व्यापारी जेठालालशीं त्यांचे वरचेवर खटके उडतात. तरी एकावर संकट आलें कीं सारे धांवतात. भांडणानें शेजार तुटत नाहीं, अबोल्यानें तुटतो. बंद दाराआड हंसणाऱ्या प्रेक्षकाला भिडे ठाऊक असतात. समोरच्या बिऱ्हाडाचें नांव ठाऊक असतें काय?