बर्फाच्या पाण्याची साक्ष

एकाच माणसाच्या मेंदूचा आज एका गावात एमआरआय काढला आणि उद्या दुसऱ्या गावात. रात्रीत मेंदू काही बदलला नाही. तरी डिफ्युजनचे आकडे वेगळे येऊ शकतात. मग खरं कोण सांगतंय?

डिफ्युजन एमआरआय मोजतो ती पाण्याच्या रेणूंची भटकंती. मज्जातंतूंच्या जुड्यांत पाणी लांबीच्या दिशेनं सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. हा कल शून्य ते एक यांमधल्या एका आकड्यात मांडतात. त्याला ‘एफए’ म्हणतात.

ही भटकंती मोजण्यासाठी यंत्र चुंबकीय क्षेत्राला क्षणभर उतार देतं. हा उतार प्रत्येक यंत्रात अगदी सारखा नसतो; मधोमध बिनचूक असला, तरी कडेला ढळतो. शिवाय संकेतात खरखर जास्त असली, की एफए उगाच फुगतो.

यंत्राची परीक्षा घ्यायची एक साधी युक्ती आहे. भांड्यात बर्फ आणि पाणी, त्यात शुद्ध पाण्याची नळी. बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान शून्य अंशावर राहतं, आणि त्या तापमानाला पाण्याचं डिफ्युजन किती, हे ठाऊक आहे: सेकंदाला चौरस मिलिमीटरचे सुमारे १.१ सहस्रांश. आकडा वेगळा आला, तर दोष पाण्याचा नव्हे!

पण पाण्यात तंतू नसतात. म्हणून काही स्वयंसेवकच केंद्रोकेंद्री जाऊन स्कॅन करून घेतात. उरलेला फरक गणितानं काढतात. जनुकांच्या प्रयोगांसाठी २००७ साली मांडलेली ‘कॉम्बॅट’ ही पद्धत २०१७ मध्ये डिफ्युजनच्या आकड्यांनाही लावली गेली. अमेरिकेतल्या ‘एबीसीडी’ अभ्यासात २१ केंद्रं, तीन कंपन्यांची यंत्रं आणि अकरा हजारांहून अधिक मुलं आहेत. तिथं असा मेळ घातल्याशिवाय तुलना करणं धोक्याचंच.

गणितालाही मर्यादा आहे. एका केंद्रात सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे निरोगी असतील, तर यंत्राचा फरक कुठं संपतो आणि आजाराचा कुठं सुरू होतो, हे कुणालाच सांगता येणार नाही. ती गाठ आधीच पडू न देणं, हाच उपाय.

रुग्णालयात मात्र अर्धांगवायूचा ताजा झटका डॉक्टर चित्रातल्या ठळक डागावरून ओळखतात. तिथं एवढ्या बारीक फरकानं सहसा अडत नाही. पण वर्षभरानं तुलनेसाठी पुन्हा स्कॅन करायचा असेल, तर शक्यतो त्याच यंत्रावर करा, आणि जुनी सीडी सोबत न्यायला विसरू नका.