बाळास निजवावे कसे?

श्रोतेहो, बारशाच्या दिवशी पाळण्यात घातलेल्या बाळाकडे सारे घर कौतुकाने पाहत असते. परंतु त्या बाळास कोणत्या अंगावर निजवावे, असा प्रश्न निघाला की त्याच घरात तट पडतात. आजीबाई म्हणतात, कुशीवर. मावशी म्हणतात, पालथे. आणि सून दवाखान्यातून ऐकून आलेली असते की, उताणे. या वादात सूनच बरोबर आहे, आणि ती का बरोबर आहे, हे आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, आष्टीचा एक निवृत्त शाळामास्तर. पण या बाबतीत स्वतः चुकलेला बाप आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

१९८७ साली आमच्या घरी थोरला मुलगा जन्मला. पुस्तकात वाचून मी त्यास नेमाने पालथे निजवीत असे. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचेही मत तसेच होते. अमेरिकेचे प्रख्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या बालसंगोपनावरील ग्रंथाच्या १९५८ च्या आवृत्तीत पालथे निजविण्याकडे कौल दिला होता. त्यांची कारणे दोन : उताण्या बाळास ओकारी झाली तर ते गुदमरेल, आणि त्याचे डोके एका बाजूस चपटे होईल. गंमत अशी की, आमच्याकडच्या आजीबाई नेमक्या याच दोन शंका काढतात!

पुढे निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी झोपेत अकस्मात दगावलेल्या बालकांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांत पालथ्या निजलेल्यांची संख्या फार मोठी आढळली. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत ‘बाळास उताणे निजवा’ अशी मोहीम निघाली, आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५ साली लंडनच्या संशोधकांनी असा अंदाज मांडला की, १९७० पर्यंत हाती आलेला पुरावा कोणी वेळीच एकत्र तपासला असता तर युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियाकडील निदान ५०,००० बालके वाचली असती. चूक केवळ आजीबाईंची नव्हती, विद्वानांचीही होती.

आता त्या दोन शंकांचा विचार करू. बाळ उताणे असता श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. ओकारी आली तरी ती खालच्या नळीतून वर चढून श्वासनलिकेत शिरणे अवघड. पालथे केले की हीच व्यवस्था उलटते. राहिला डोक्याचा आकार. त्यासाठी आपल्याकडे मोहरीची उशी करण्याची चाल आहे. परंतु नवजात बाळास कोणतीही उशी नको, मोहरीची नको आणि कापसाचीही नको. मऊ वस्तूत नाक-तोंड दबले तर मान वळवून सुटण्याचे बळ त्या जिवास नसते. बाळ जागे असताना, आपल्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पालथे खेळवावे. डोक्याचा आकारही सुधारतो व मानही बळकट होते. कुशीवर निजविलेले बाळ झोपेत पालथे पडू शकते, म्हणून कूसही नको.

झोळीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आमच्या आष्टी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या भागात जातात. फडाच्या कडेला झाडाच्या फांदीस लुगड्याची झोळी बांधून आई कोयता हाती घेते. विंचू-किड्यापासून बाळास वाचविण्यास तिच्यापाशी दुसरे साधन नसते. तिला बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु शहरांतील घरांत स्प्रिंगला टांगलेल्या झोळीत बाळ रात्रभर ठेवतात, तेथे तर तशी अडचण नाही. वजनाने कापड खोल जाते, बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीस टेकते आणि मऊ श्वासनलिका मुडपते. झोळीत रडे थांबवावे, मात्र डोळा लागताच बाळास सपाट, घट्ट गादीवर उताणे ठेवावे. हा नियम दुपारच्या झोपेलाही लागू आहे.

गोधडी तोंडावर येऊ देऊ नये. थंडीत बाळास ऊब हवीच. पण ती अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची असावी, जड पांघरुणाची नव्हे. बाळ आईच्या खोलीतच, तिच्या हाताच्या अंतरावर, परंतु स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर निजावे. त्या खोलीत विडी-सिगारेटचा धूर तर मुळीच नसावा.

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली तो वृत्तान्त जगापुढे आला. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई जन्मानंतरच्या सहा आठवड्यांत घरी येऊन बाळ पाहतात. त्या आल्या की त्यांना उंबऱ्यावरून परतवू नका. अंथरूण दाखवा व विचारा.

आमच्या घरी नात आली तेव्हा सौभाग्यवतींनी मोहरीची उशी शिवून तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, “आपली मुले अशीच वाढली ना? काय झाले त्यांना?” मी म्हणालो, “काही झाले नाही, हे आपले भाग्य. त्याला पुरावा म्हणता येत नाही. ज्यांच्या घरी झाले, ती माणसे सांगावयास येत नाहीत.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच उशी उसवली, आणि मोहरी फोडणीच्या डब्यात गेली.

श्रोतेहो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी घरातील बाळाकडे एकदा पाहा. पाठ टेकलेली, गादी सपाट, तोंड मोकळे. एवढे असले म्हणजे आपले काम झाले.