सायकलीवरचे बिऱ्हाड : पहिला दिवस



सायकलीवर व्याख्यान ते काय द्यायचे, असे आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल. आपल्याकडे सायकल म्हणजे शाळेला, कारखान्याला किंवा मंडईला जाण्याचे साधन. परंतु १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांतील तिघे, आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा, १९२८ साली ती पुरी करून परत आले, हे विसरता कामा नये. आमचा बेत त्या मानाने अगदीच लहान होता. तंबू, शिधा आणि भांडी सायकलींवर लादून बेलापूरहून निघायचे आणि उरण, करंजा, रेवस या वाटेने कोकणात उतरायचे. आम्ही चौघे गेल्या थंडीत निघालो. आज केवळ पहिल्या दिवसाविषयी बोलणार आहोत. कारण आपल्याला किती लागते आणि रस्ता आपल्याला किती जागा देतो, या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कळतात.

प्रथम ओझ्याविषयी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, पण सायकलस्वाराने ते पाठीवर घेऊ नये. पाठीवरच्या वजनाने खांदे भरून येतात आणि तोलही वर सरकतो. पूर्वी घोड्यावर जशी खुर्जी टाकीत, तशा दोन पिशव्या मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना बांधाव्या. तांदूळ, डाळ, स्टोव्ह, हत्यारे असे जड सामान तळाशी आणि आसाच्या जवळ. कपडे व अंथरूण वर. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. आम्ही वाण्याच्या काट्यावर प्रत्येक पिशवी तोलून घेतली होती. माणशी अठरा किलो भरले.

एवढे करूनही पहिले दोन-तीन किलोमीटर सायकल अनोळखी वाटते. हँडल जरा उशिरा वळते. ब्रेक दाबल्यावर नेहमीच्या जागी ती थांबत नाही, म्हणून ब्रेक आधीपासून लावावा लागतो. सपाटीवर एकदा गती आली की ओझे फारसे जाणवत नाही. तेथे मुख्य झगडा वाऱ्याशी असतो आणि वारा कुणाचे वजन विचारीत नाही. चढ लागला की मात्र प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. बंदराच्या वाटेवरच्या उड्डाणपुलांवर जो हलका गिअर टाकून सावकाश चढतो, तोच संध्याकाळी ताजा राहतो.

गव्हाण फाटा ओलांडून आम्ही जासईस आलो. येथे क्षणभर उतरावेच. बंदर आणि नवे शहर यांसाठी घेतलेल्या जमिनीला न्याय्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागातील शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे या लढ्यातूनच आले. मोटारीतून जाणाऱ्याला जासई हे गाव एका मिनिटात मागे पडते. ओझे घेऊन चालणाऱ्या सायकलीला तेवढी घाई नसते.

पुढे न्हावा शेवा. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावांची नावे. भोवती भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी. बंदरासाठी शेवा गावच्या वस्तीला आपली जागा सोडावी लागली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. आज देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. आम्ही चौघे, चार सायकली आणि सगळे बिऱ्हाड मिळून चारशे किलो भरलो नसतो. तेथली वीस फुटी पेटी रिकामीच दोन टनांहून जड असते. अशा पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेशेजारून आम्हांला जायचे होते.

अशा रस्त्यावरचे नियम थोडे पण कडक आहेत. एकामागे एक, मध्ये चांगले अंतर ठेवून चालावे. ट्रेलर जवळून गेला की वाऱ्याने सायकल आधी ढकलली जाते आणि मग ओढली जाते. तेव्हा हँडल घट्ट धरावे. वळणावर ट्रेलर आणि कडेचा कठडा यांच्यामध्ये कधीही शिरू नये, कारण तेथला माणूस चालकाला दिसतच नाही. कडेला ट्रेलर उभे असले की नाइलाजाने रहदारीत यावे लागते. सबंध दिवसातला खरा धोका तोच.

करळ फाट्याजवळ चहाला थांबलो तेव्हा फलटणकडचा एक ट्रेलरचालक आमच्या पिशव्या चाचपून म्हणाला, "यात काय काय हाय?" आम्ही यादी सांगितली. तो हसला. "तुमचं बरं हाय. माझ्या पेटीत काय हाय, मला कधीच ठाव नसतं. सील बघायचं नि निघायचं." हे वाक्य आम्हांला सबंध सफरभर पुरले.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून या बाजूला अटल सेतू आला. लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर. त्यावर सायकलीला मज्जाव आहे. वेगवान वाहनांच्या पुलावर तो समजण्यासारखा आहे. परंतु बंदराच्या रस्त्याचे तसे नाही. तेथून कामगार पाळीला जातात, मुले शाळेला जातात, कोळणी बाजाराला जातात. आम्ही हौसेने एक दिवस गेलो. त्यांना रोज जायचे आहे. ज्यांच्या जमिनीवर तो रस्ता झाला, त्यांच्या सायकलीसाठी त्याच्या कडेला चार फुटांची सलग, मोकळी पट्टी असावी, ही मागणी मोठी आहे काय?

उरणवरून करंजाला पोहोचलो आणि सायकली लाँचमध्ये चढवून धरमतरची खाडी ओलांडली. रेवसहून थोडे पुढे सासवणे. शिल्पकार करमरकरांचे हे गाव. त्यांची शिल्पे तेथे आजही पाहता येतात. एका वाडीच्या मालकांची परवानगी घेऊन उजेड असतानाच तंबू ठोकला. नारळाखाली कधी तंबू ठोकू नये, हे त्यांनीच बजावले. पिठलंभात झाला. मग कॅरिअरचे ढिले झालेले नटबोल्ट आवळले, कारण भारलेल्या सायकलीची पहिली कुरकुर तेथूनच सुरू होते.

दिवसाचे अंतर पन्नास किलोमीटरही भरले नव्हते. पण आपल्या पिशवीत काय आहे, ते का घेतले आणि त्याला वाहायला किती श्रम पडतात, हे प्रत्येकाला ठाऊक झाले होते. शहरात आपण जे वापरतो, ते कुठल्या पेटीतून आले आणि त्यासाठी कोणाचे शेत गेले, याचा हिशेब आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आपले ओझे आपण एक दिवस वाहिले, तर निदान तो प्रश्न तरी मनात येतो. श्रोत्यांपैकी तरुणांनी येत्या थंडीत असा एक दिवस काढावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.