मधुमेहाच्या उंबरठ्यावर : डोळे आणि हृदय
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे, डॉक्टर नव्हे. तरीही जमाखर्चापूर्वी साखरेच्या आकड्यांविषयी बोलण्याची अनुमती असावी.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असल्यास सर्वसाधारणपणे तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, तर उंबरठ्यावरील व्यक्ती सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत.

येथे एक चूक कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या शिबिरांत मधुमेही आढळल्यास आम्ही त्यांस पुढील तपासणीस बोलावीत असू. उंबरठ्यावरील लोकांना मात्र 'गोड कमी खा' असे सांगून निरोप देत असू. काही वर्षांनी असेच एक गृहस्थ छातीतील कळेमुळे दाखल झाले. डोळ्यांच्या तपासणीत दृष्टिपटलावर रक्ताचे सूक्ष्म ठिपकेही दिसले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून शिबिराचा जुना कागद काढला. साखर ११८. "तेव्हाच नीट सांगितले असते तर?" त्या माउलीच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उंबरठा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेह न झालेल्या परंतु साखर वाढलेल्या सहभागींपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलात बदल आढळल्याचे २००७ साली नमूद झाले. याच अवस्थेत वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी आणि पोटाचा घेर हे हृदयाचे शत्रू अनेकदा एकत्र नांदतात. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या शरीरास छेद न देता थेट पाहता येतात. म्हणून डोळ्यातील खूण ही उर्वरित शरीराचीही सूचना ठरू शकते.

आशेची बाजूही मोठी आहे. वजनात सुमारे ७ टक्के घट आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांमुळे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटल्याचे त्याच अभ्यासाने २००२ मध्ये दाखविले. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात ही घट २८.५ टक्के होती.

म्हणून यापुढे उंबरठ्यावरील प्रत्येकाचा रक्तदाब, चरबी आणि कंबरेचा घेर तपासावा, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दृष्टिपटल पाहावे आणि वर्षाने त्यांस आठवणीने पुन्हा बोलवावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्तांपुढे ठेवीत आहोत. यासाठी मोठ्या यंत्रापेक्षा नोंदी ठेवणारा आणि पाठपुरावा करणारा माणूस अधिक हवा. त्याचे वेतन ताळेबंदात खर्चाच्या बाजूस दिसेल. वाचलेली दृष्टी आणि टळलेला झटका यांना मात्र ताळेबंदात रकाना नाही. त्या रकान्याची उणीव देणगीदारांनी आपल्या औदार्याने भरून काढावी, ही नम्र विनंती.

रुग्णांच्या आप्तजनांनीही आज घरी जाऊन जुने अहवाल एकदा उघडून पाहावेत.